कृत्रिम दृष्टी : संशोधनाच्या आखणीत अंधांचे स्थान

मूल परिसरातील दृष्टिहीन शेतकऱ्यास धानाच्या बांधीचा धुरा पायांनी कळतो. मागून येणारी बैलगाडी आवाजावरून ओळखू येते. त्याचे अडते ते पावसाने पुसलेल्या वाटेवर आणि आवाज न करता समोर उभ्या असलेल्या वस्तूपाशी. कृत्रिम दृष्टीचे यंत्र अशा माणसासाठी घडवावयाचे, तर त्याने प्रथम काय दाखवावे, हे त्यालाच विचारावयास हवे. आणि तेही यंत्राची आखणी होण्यापूर्वी.

अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेल्या ‘आर्गस-२’ या यंत्रात चष्म्यावरील कॅमेरा दृश्य टिपीत असे. अंगावर बाळगावयाचा छोटा संगणक त्याचे संकेतांत रूपांतर करी आणि दृष्टिपटलावर बसविलेले ६० विद्युदग्र ते संकेत आतील पेशींना पोहोचवीत. वापरणाऱ्यास जाणवत ते प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, उजेड-अंधाराची सीमा. रेटिनायटिस पिग्मेंटोजा या विकाराने दृष्टी गमावलेल्यांसाठीच ते होते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत येते. तेथे असल्या यंत्राचे काम नाही, हे ग्रामीण भागात आवर्जून सांगावयास हवे.

जगभरात ३५० हून अधिक व्यक्तींनी हे यंत्र बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने ते बनविणे थांबविले. पुढे सुटे भाग व दुरुस्ती मिळेनाशी झाली आणि निकामी यंत्र डोळ्यात वागविण्याची वेळ काहींवर आली. ठिपके किती दिसावेत, याइतकाच दुरुस्ती कोण आणि किती वर्षे करणार हा प्रश्न मोलाचा होता. डोळ्यात यंत्र वागविणाऱ्या माणसास तो पहिल्या बैठकीतच सुचला असता.

भारतात याविषयी कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा रीतीने माहिती देऊन तिची स्वेच्छेची संमती घ्यावी लागते. शिवाय ज्या समितीची पूर्वपरवानगी लागते, तिचे निदान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग अथवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. मात्र परवानगी देणे वेगळे आणि आखणीत भाग घेणे वेगळे.

चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याजवळील आनंदवनात अंध विद्यालय आहे. असे अनुभवी शिक्षक व विद्यार्थी विचारविनिमयास बोलवावयाचे, तर बैठकीचे कागद मराठी ब्रेलमध्ये काही दिवस आधी हाती पडावेत, आकृत्या बोटांनी वाचता येतील अशा उठावदार असाव्यात आणि मूलहून येणाऱ्याच्या सोबत्याचेही प्रवासभाडे अंदाजपत्रकात धरलेले असावे.