सोनापूरच्या बसमधला इफ्तार

रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे रोजे कधी थंडीत येतात, तर कधी भर उन्हाळ्यात. 2012 चा रमजान जुलै-ऑगस्टमध्ये आला होता. मी तेव्हा दुबईत, जबल अलीमधल्या एका युरोपीय कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होतो. रोजा जवळपास पंधरा तासांचा, आणि बाहेरची हवा तव्यावरची.

गोदामात केरळी, नेपाळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो आणि आपले कोकणातले, असे सगळे होते. मॅनेजर डेन्मार्कचा. माणूस मनाने चांगला. अमिरातीच्या कायद्याने रमजानमध्ये रोजचे काम दोन तासांनी कमी होते, आणि ही सवलत रोजा न धरणाऱ्यालाही मिळते. शेजारच्या सौदीत दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे, पण ती मुस्लिम कामगारांपुरती.

आमची नेहमीची पाळी सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. साहेबाने ती बारा ते सहा केली. त्याचा हिशेब साधा होता: सहेरीसाठी पहाटे उठलेल्या माणसांना सकाळी झोप मिळावी. मीटिंगमध्ये त्याने विचारले, ‘‘सगळ्यांना चालेल ना?’’ तीस-पस्तीस माना हलल्या. ‘‘ओके सर.’’ मीही मान हलवली. माझी खोली गोदामापासून दहा मिनिटांवर होती. इफ्तारला मी घरी असायचो.

आठवड्याभराने कामगारांच्या बसचा ड्रायव्हर मला भेटला. हा गुहागरचा, आपल्याच भागातला. म्हणाला, ‘‘भाई, तुमच्या साहेबाला सगळं ओके वाटतंय. एकदा माझ्या बसमधे येऊन बसा.’’

त्या संध्याकाळी बसलो. सहाला सुटलेली बस सोनापूरच्या कामगार वस्तीकडे निघाली. इफ्तारच्या आधी सगळे शहर एकाच वेळी घराकडे धावत असते, त्यामुळे रस्ता तुंबलेला. सातच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेतही नव्हतो. ड्रायव्हरने पुढच्या खणातून खजुराची पुडकी आणि पाण्याच्या बाटल्या काढून मागे दिल्या. ही व्यवस्था त्याने स्वतःच्या पैशांतून केली होती. पहिल्या दिवसापासून. वस्तीवर पोहोचेपर्यंत पाऊण तास आणखी गेला. तिथे जेवणासाठी रांग, नळावर रांग. दुसऱ्या दिवशी मी साहेबासमोर बसलो तेव्हा साहेबापेक्षा माझी मलाच जास्त लाज वाटत होती.

तो खरोखर गोंधळला. ‘‘मी विचारलं होतं. कोणी बोललं का नाही?’’

या प्रश्नाचे उत्तर मला नंतर एका प्रशिक्षणात मिळाले. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली. वरिष्ठाच्या हाती जास्त सत्ता असणे लोक किती सहज मान्य करतात, याचे त्याने माप काढले. डेन्मार्कचा आकडा 18, भारताचा 77. आता आकडा देशाचा असतो, माणसाचा नसतो. भांडून बोलणारे भारतीय मी पुष्कळ पाहिले आहेत. पण आमच्या मीटिंगमध्ये काय घडले ते यातून समजते. साहेबासाठी ‘ओके’ म्हणजे संमती होती. कामगारांसाठी ‘ओके’ म्हणजे ‘तुम्ही साहेब आहात’. त्यात ज्याचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे, तो चारचौघांत ‘नाही’ कसे म्हणेल?

साहेबाने मग पद्धत बदलली. मीटिंगमध्ये विचारणे बंद केले. मला आणि एका केरळी सहकाऱ्याला वस्तीवर पाठवून माणसांना त्यांच्या भाषेत, एकेकट्याने विचारायला लावले. उत्तर एकच आले: झोप नको, इफ्तार खोलीवर हवा. पाळी सकाळी सात ते एक झाली. दुपारनंतर येणाऱ्या कंटेनरचे काय, हा प्रश्न उरला. रोजा न धरणाऱ्या काही जणांनी उशिराची पाळी मागून घेतली. त्यांचेही तास सहाच राहतील, हे साहेबाने लेखी दिले. दोन्ही पाळ्यांत माल वेळेवर सुटला.

ईद झाली. पुढच्याच महिन्यात, 19 सप्टेंबरला, गणपती होते. सूचनाफलकावर आता सगळ्यांच्या सणांचा एक तक्ता लागला होता: ओणम, गणपती, नाताळ. सुट्ट्यांची वाटणी महिनाभर आधी ठरू लागली. गुहागरच्या ड्रायव्हरला आठ दिवस घरी जायला मिळाले. त्याची बस त्या दिवसांत एक पेशावरचा पठाण चालवत होता.

आज आपल्या गावागावांतली मुले चाकणच्या, हिंजवडीच्या परदेशी कंपन्यांत आहेत. साहेब जर्मन किंवा कोरियन, हाताखालची माणसे दहा जिल्ह्यांची. त्यांतली काही उद्या स्वतः साहेब होतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: सवलत देणे सोपे असते. ती ज्याला दिली त्याच्यापर्यंत पोहोचली का, हे बघायला एकदा त्याच्या बसमध्ये बसावे लागते. आणि मधल्या पायरीवर उभा असलेला, दोन्ही भाषा कळणारा माझ्यासारखा माणूस गप्प राहिला, तर साहेबाला दोष देण्यात अर्थ नाही.