लग्न खरं, पण पुरावा काय?

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आपल्या जोडीदाराला ग्रीनकार्ड मिळावं म्हणून आय-१३० अर्ज भरतो, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला जोडून भागत नाही. दाखल्यावरून लग्न झालं एवढंच कळतं. ते ग्रीनकार्डासाठी केलेलं नाही, हे अर्जदारानेच पटवायचं असतं.

एकत्र राहणाऱ्यांचं सोपं असतं: दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त बँक खातं, विम्यात वारस म्हणून नाव, मुलांचे जन्मदाखले. अडचण होते ती लग्नानंतर पंधरा दिवसांत नवरा न्यूजर्सीला आणि बायको साताऱ्यात अशा जोडप्यांची. त्यांनी विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या पावत्या, वर्षभरातल्या कॉल-मेसेजच्या नोंदी जपाव्यात. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या अल्बमपेक्षा सासू-सासऱ्यांसोबत दिवाळीत काढलेला साधा फोटो कधी कधी जास्त बोलतो. लग्नपत्रिका मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवंच.

अर्जानंतरच्या मुलाखतीत अधिकारी ‘स्थळ कुणी आणलं?’ हेही विचारू शकतात. ठरवून केलेलं लग्न संशयास्पद नसतं. खरं ते सांगावं, प्रेमकहाणी रचू नये.

ग्रीनकार्ड मिळताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर ते २ वर्षांपुरतं, सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत ही अट हटवण्यासाठी सहसा दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज भरायचा, म्हणजे पुन्हा पुरावे! बनावट लग्नाला १९८६च्या कायद्याने ५ वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही.