मर रोग आणि मातीतली हिरवी बुरशी

टोमॅटोचा प्लॉट फळावर आलेला असतो आणि काही झाडांची एका बाजूची पाने पिवळी पडू लागतात. दुपारी झाड मान टाकते, संध्याकाळी पुन्हा सावरते. पाणी कमी पडले असेल, असे वाटते. काही दिवसांनी ते सावरत नाही. खोड उभे चिरले की आत तपकिरी रेघा दिसतात. हा फ्युजॅरियम मर रोग. तोवर रोपे, खत, बांबू, तार, सुतळी, मजुरी असा बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो.

ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत वाढते. आपण फवारतो पानांवर, रोग असतो खोडाच्या आत. शिवाय तिचे जाड भिंतीचे बीजाणू पीक नसतानाही जमिनीत वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणून लढाई व्हायची तर ती मातीतच, आणि लागवडीआधी.

इथे ट्रायकोडर्मा कामाला येते. हीसुद्धा बुरशीच. ती मातीतल्या इतर बुरशींवर जगू शकते, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखवले. ती शत्रूच्या तंतूला विळखा घालते, विकरे सोडून त्याची भिंत विरघळवते आणि आतला रस खाते. चित्र रोमहर्षक आहे, पण माझ्या मते खरे काम त्याहून साधे आहे: ती झपाट्याने वाढते आणि मुळाभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते. झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही तिच्या सहवासात जागी होते. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू वेगळी युक्ती करतो. तो मातीतले लोह पकडून ठेवतो आणि रोगकारक बुरशीची उपासमार करतो.

बळकावायचे तर आधी पोचले पाहिजे. बियाण्याला किलोमागे चार-पाच ग्रॅम भुकटी चोळावी, लावताना रोपांची मुळे द्रावणात बुडवावीत. सर्वांत चांगले म्हणजे ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर ढीग सावलीत गोणपाटाखाली आठ-पंधरा दिवस ठेवावा, मधून मधून हलवावा आणि मग खत वाफ्यात घालावे. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या कोरड्या रानात ती उपाशी मरते.

नेहमीची चूक वेगळीच. ट्रायकोडर्मा सोडायची आणि त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिमची आळवणी करायची! ते बुरशीनाशक आहे. आपली-परकी बुरशी त्याला कळत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरणाऱ्या करप्यासाठी पानांवरची फवारणी सुटत नाही. मर झालेले झाड बरे होत नाही, ते उपटून रानाबाहेर नेऊन जाळावे. आणि झाड हिरवेगार असतानाच अचानक मलूल पडले, तर कापलेल्या खोडाचा तुकडा ग्लासभर स्वच्छ पाण्यात टांगून पाहावा. दुधट धागा खाली उतरला तर तो जिवाणूजन्य मर. तिथे ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवू नये.

शेवटी पुडीविषयी. ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत, असा आपल्याकडे निकष आहे. उत्पादनाची तारीख वाचावी, आणि दुकानात पुडी कुठे ठेवली होती तेही पाहावे. पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेली पुडी जूनमध्ये वाफ्यात टाकली, तर मातीत पडते ती नुसती शंखजिऱ्याची पूड.