'व्हायरल' ताप गेला, पण तहान थांबेना: मुलांमधला टाईप १ डायबेटिस विषाणूंमुळे होतो का?

वेंगुर्ल्यात पावसाळा लागला की घरोघरी एखादं तरी मूल तापाने झोपतं. सिंधुदुर्गात आधी लेप्टो आणि डेंग्यूची शंका येते, बाकी सगळं 'व्हायरल'. ताप उतरतोही. पण क्वचित एखादं मूल त्याच सुमारास घटाघटा पाणी प्यायला लागतं, रात्री सारखं लघवीला उठतं, जेवूनही बारीक होत जातं. रक्त तपासलं की कळतं, टाईप १ डायबेटिस.

मग घरात एकच प्रश्न. तापामुळे झालं का? पावसात भिजू दिलं म्हणून?

भिजण्याचा काही संबंध नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. हा हल्ला बहुतेकदा काही महिने, कधी काही वर्षं आधीच सुरू झालेला असतो. तापात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं, उरलेल्या पेशींना ते झेपत नाही आणि लपलेला आजार उघडा पडतो.

म्हणून विषाणू निर्दोष ठरतात असंही नाही. अमेरिका आणि युरोपात चाललेल्या 'टेडी' या अभ्यासात मुलांच्या शौचाचे नमुने तपासले गेले. 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, 'एन्टरोव्हायरस बी' गटातला विषाणू शरीरात बराच काळ टिकून राहिला, तर या हल्ल्याशी त्याचा संबंध दिसला. येऊन लगेच गेलेल्या संसर्गाचा तसा दिसला नाही. असे विषाणू असंख्य मुलांना होतात, डायबेटिस मोजक्यांनाच. कारण जनुकांचाही त्यात वाटा असतो.

खरा धोका आहे तो निदान चुकण्याचा. इन्सुलिन संपत आलं की रक्तात आम्ल साचतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास. हे गॅस्ट्रो किंवा न्यूमोनियासारखंच दिसतं. त्यात तहान लागते म्हणून मुलाला ग्लुकोज पावडरचं पाणी दिलं जातं आणि साखर आणखी चढते. बोटाला टोचून एका मिनिटात होणारी ग्लुकोमीटरची तपासणी इथे जीव वाचवू शकते. मूल गुंगीत जात असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. आधी जवळचं रुग्णालय, मग गरजेनुसार ओरोस किंवा बांबोळी.

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अनेक मुलांचा डोस कमी होतो. उरलेल्या बीटा पेशी थोडा काळ सावरतात, म्हणून. याच टप्प्यावर 'बरा झाला' म्हणत इंजेक्शन बंद केलं, तर मूल पुन्हा अतिदक्षता विभागात पोहोचू शकतं.