गॅरंड आणि ओतीव शिशाची गोळी: ऐकीव किती, खरे किती

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली जपणाऱ्या हौशी नेमबाजांमध्ये एक वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गॅरंड रायफल घरात आहे, शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतण्याची कलाही अवगत आहे. मग त्या गोळ्या या रायफलीतून झाडाव्यात का? एक गट म्हणतो, मुळीच नाही. शिसे नळीत वितळेल, वायूचे छिद्र बुजेल, रायफल कामातून जाईल. दुसरा गट म्हणतो, गोळी मऊ आणि दारू थोडी, तेव्हा भीती कसली? गंमत अशी की पहिल्या गटाची भीती बहुतांशी निराधार आहे, आणि खरे धोके जिथे आहेत तिकडे दोन्ही गटांचे लक्ष फारसे जात नाही.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात ही रायफल घडवली. १९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली आणि एकूण सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून दाबून बसवायची. मग दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस आपोआप जागेवर येते. हे सारे गोळीमागच्या वायूच्या जोरावर चालते. नळीच्या तोंडाजवळ, खालच्या अंगाला, जेमतेम २ मिलिमीटरचे छिद्र आहे. गोळी ते ओलांडून गेली की मागचा वायू त्यातून खाली उतरतो आणि ‘ऑपरेटिंग रॉड’ नावाच्या लांब पोलादी दांड्याला मागे रेटतो. तो दांडा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा, उघडतो. छिद्र ओलांडल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत क्षणाचा अगदी लहानसा अंश मिळतो, आणि तेवढ्यात वायूला दांड्याला पुरेसा धक्का द्यावा लागतो.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायची तर लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. म्हणून इथली सगळी चर्चा अमेरिकेतल्या छंदाची आहे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

सर्वांत मोठा गैरसमज वितळण्याचा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जळत्या दारूचा वायू २००० अंशांच्याही वर जातो, तेव्हा गोळी नळीत पातळ होणारच, असा हिशेब मांडला जातो. यात वेळ धरलेलीच नाही. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. समईच्या ज्योतीतून बोट झर्रकन फिरवले तर भाजत नाही, तसेच इथेही होते. एवढ्या वेळात उष्णता गोळीच्या अंगात मुरतच नाही.

मग नळीला शिसे चिकटते ते कशाने? चिकटते हे खरे आहे, आणि एकदा चिकटले की नेम पार बिघडतो. पण कारण बहुतेक वेळा मापाचे असते. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर तिच्या कडेने तप्त वायू फटीतून सुसाट पुढे निसटतो, गोळीचा पृष्ठभाग कापत जातो आणि कापलेले शिसे पुढच्या पोलादावर बसवतो. अनुभवी ओतकाम करणारे म्हणूनच गोळी नळीतल्या खोबणीच्या मापापेक्षा इंचाचा एक-दोन हजारांश जाड ठेवतात. गॅरंडच्या खोबणीचे कागदावरचे माप ०.३०८ इंच. पण युद्धकाळात लाखांनी बनलेल्या आणि पुढे हजारो गोळ्या झाडून झिजलेल्या नळ्या कागदाप्रमाणे असतीलच असे नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूच ठोकत बाहेर काढायचा आणि त्याचे माप मायक्रोमीटरने घ्यायचे, ही जुनी रीत आजही सर्वांत खात्रीची आहे. जो नेमबाज हे माप न घेता शिशाला दोष देतो, त्याची तक्रार ऐकून घेण्यात फारसा अर्थ नाही.

याच मुळाची दुसरी फांदी म्हणजे ‘गोळी जितकी कडक तितकी चांगली’ ही समजूत. शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापनात सुमारे ५ भरते. अँटिमनी घातले की ती वाढते. कथील घातले की वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट शिरतो. चाकाच्या बॅलन्सिंगची शिशाची वजने ११-१२ च्या घरात येतात, तर लायनोटाइपचा धातू २२ च्या आसपास. हा लायनोटाइपचा धातू म्हणजे छापखान्याचा. त्यात ढोबळमानाने ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. शिसे, अँटिमनी, कथील ही छपाईच्या खिळ्यांची जुनी त्रयी आहे, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने घडवलेल्या देखण्या देवनागरी अक्षरांमुळे मराठी वाचकाला खिळ्यांची ती दुनिया परकी नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा लायनोटाइप यंत्रावर जुळवलेला शेवटचा अंक जुलै १९७८ मधला. त्या सुमारास अमेरिकेत छापखान्यांमागून छापखाने हे यंत्र मोडीत काढत गेले आणि हा उत्तम धातू हौशी लोकांच्या कढईत येऊन पडला.

कडक गोळी हवी असा आग्रह तिथूनही बळावला असावा. पण कडक गोळी मापाला कमी असेल तर दाबाखाली फुगून फट भरून काढण्याची शक्ती तिच्यात नसते, आणि ती मऊ गोळीपेक्षाही जास्त शिसे नळीत सोडू शकते. गॅरंडला मध्यम कडक मिश्रधातू बहुधा पुरतो. गोळीच्या बुडाला बसवलेली तांब्याची छोटी टोपी, जिला ‘गॅस चेक’ म्हणतात, आणि खाचांत भरलेले चांगले वंगण यांचे महत्त्व इथे कडकपणाहून अधिक आहे.

बुडाचा विषय निघालाच आहे. ओतलेल्या गोळ्या निवडताना नवखे लोक टोक न्याहाळतात. टोकाला खाच दिसली की गोळी बाद. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉ. फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये गोळीच्या उड्डाणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुद्दाम टोके बिघडवलेल्या आणि मुद्दाम बुडे बिघडवलेल्या गोळ्या झाडून त्यांनी दाखवले, की टोकाची इजा गोळी बरीचशी सोसते, बुडाची सोसत नाही. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी वायू बुडाच्या कडेवरून बाहेर फुटतो. कड एका बाजूला तुटकी असेल तर धक्का वाकडा बसतो. गॅरंडमध्ये बोल्ट काडतुसाला जोराने पुढे ढकलतो, त्यात टोकाला थोडा मार बसतो. मान यांचे काम ठाऊक असलेला माणूस त्याने अस्वस्थ होत नाही. तो बूड, म्हणजे साच्याच्या तोंडाशी गोळी कापली गेली ती जागा, भिंगातून पाहतो.

वायूच्या छिद्राचे काय? ते शिशाने बुजते, ही भीती नेमके माप, गॅस चेक आणि योग्य वंगण असेल तर सहसा खरी ठरत नाही. दर वेळी त्या छिद्रातून जोरदार दाबाचा तप्त वायू जातो, आणि तोच ते मोकळे ठेवतो. वंगणाची आणि दारूची काजळी मात्र वायूच्या नळकांड्यात साचते, धातूच्या आवरणाच्या, म्हणजे ‘जॅकेट’च्या, गोळ्यांपेक्षा जास्त साचते. नळकांडे उघडून वरचेवर पुसणे हे या छंदाचे भाडे आहे, ते भरावेच लागते.

आता ज्या समजुतीने खरोखर अपघात होतात ती. ‘शिशाची गोळी म्हणजे दारूचा हलका भार, आणि हलका भार म्हणजे सुरक्षित.’ जॅकेटची लष्करी गोळी गॅरंडमधून सेकंदाला सुमारे ८३० ते ८५० मीटर वेगाने सुटते. ओतीव गोळीला बहुतेक लोक ५५० ते ६५० मीटरच्या दरम्यान ठेवतात. दारू फारच कमी झाली तर छिद्रापाशी पुरेसा दाब उरत नाही, बोल्ट अर्धवट मागे येतो आणि रायफल अडते. हा फक्त त्रास आहे. धोका निराळा आहे. चटकन जळणारी दारू थोडीशीच लागते, आणि तेवढी दारू या मोठ्या पुंगळीत तळाशी दिसेनाशी होते. चुकून दोनदा भरली गेली तरी पुंगळी भरून वाहत नाही, आणि ते काडतूस रायफल फोडू शकते. म्हणून दारू भरलेली प्रत्येक पुंगळी, गोळी बसवण्याआधी, उजेडात डोळ्यांनी पाहायची असते.

उलट दिशेची चूक रायफलीचे वेगळे नुकसान करते. वेग वाढवण्यासाठी जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू घेतली, तर नळीतला कमाल दाब मर्यादेत असतो, पुस्तकातली आकडेवारी निर्धोक दिसते. पण गोळी छिद्रापाशी पोहोचते तेव्हा तिथला दाब प्रमाणाबाहेर राहतो. त्या तडाख्याने ऑपरेटिंग रॉड वाकतो. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलसाठी (जिचा बोल्ट दर वेळी हाताने चालवावा लागतो) छापलेले भार गॅरंडला जसेच्या तसे लागू होत नाहीत ते याचमुळे. गॅरंडसाठी वेगळी तपासलेली आकडेवारी प्रसिद्ध आहे, तिच्या बाहेर जाऊ नये.

बोल्ट-अ‍ॅक्शनची आणखी एक सवय इथे घातक ठरते. त्या रायफलीत काही नेमबाज शिशाची गोळी मुद्दाम पुढे बसवतात, म्हणजे ती नळीतल्या आट्यांना आधीच टेकते आणि नेम सुधारतो. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती दर वेळी प्राइमरला, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीला, हलका टोला देते. काडतूस पूर्ण आत गेले नाही, पुंगळी मूळ मापाला आणलेली नसली किंवा प्राइमर वर उरला असला, तर बोल्ट नीट कुलूपबंद होण्याआधीच बार उडू शकतो. तेव्हा गोळी आत हवी, पुंगळी पूर्ण मापाला दाबून घेतलेली हवी, आणि प्राइमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली हवा.

जुनी सरकारी काडतुसे घरच्यांपेक्षा नळीला चांगली, असेही सांगितले जाते. नळीच्या झिजेच्या दृष्टीने उलटेच खरे आहे: नळीचा घसा जाळतो तो दाब आणि उष्णता, आणि ओतीव गोळीच्या मध्यम भारात दोन्ही कमी असतात. शिवाय १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बहुतेक अमेरिकी ३०-०६, म्हणजे गॅरंडच्याच मापाच्या, लष्करी काडतुसांचे प्राइमर क्षारयुक्त होते. ते क्षार दमट हवेत नळीला आणि वायूच्या नळकांड्याला गंज आणतात. पाण्याने धुतल्याशिवाय जात नाहीत. आजच्या प्राइमरमध्ये तो दोष नाही. आणि नळीत शिसे बसले तर दोन-चार जॅकेटच्या गोळ्या झाडून ते ‘साफ’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्यावा. शिसे त्याने आणखी दाबले जाते आणि दाब वाढण्याचा धोका राहतो. ब्रशच घ्यावा.

राहिला शिशाच्या विषाचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर आहे. वाफेची भीती सगळ्यांना वाटते. पण शिसे उकळते १७४९ अंशांना, ओतकाम चालते ३७० अंशांच्या आसपास, आणि त्या तापमानाला वाफ अत्यल्प असते. हवा खेळती हवीच, मात्र विष अंगात जास्त जाते ते हातांवरून, मळीच्या बारीक भुकटीतून आणि बंदिस्त मैदानात प्राइमरच्या शिसेयुक्त धुरातून. जागतिक आरोग्य संघटना रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांसाठी लक्ष देण्याची पातळी २०२१ मध्ये दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणली. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर क्षणात वाफ होऊन धातू चौफेर उडतो, म्हणून चेहऱ्यावर ढाल आणि अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, हात साबणाने धुतल्याशिवाय घासाला लागू नयेत, आणि एकदा शिसे वितळवलेली कढई वा पळी परत स्वयंपाकघरात नेऊ नये.