शाळा आधी नकाशावर भरते

ठाण्याहून येणाऱ्या मेट्रो-५ चा पहिला टप्पा भिवंडीत जिथे थांबणार आहे, ते स्थानक धामणकर नाक्याचे. आजूबाजूला पद्मानगर, कामतघर, नारपोली अशी यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली दाट वस्ती. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांवर आणि क्षेत्रफळ जेमतेम २६ चौरस किलोमीटर. अशा ठिकाणी महापालिकेची नवी शाळा काढायची, तर सगळे आधी विचारतात, ‘पैसे किती मंजूर झाले?’ खरे तर जागेचा प्रश्न आधी सुटावा लागतो.

शाळा किती जवळ हवी, हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. मात्र कागदावरचा एक किलोमीटर वेगळा आणि सहा वर्षांच्या मुलीने ट्रक-टेम्पोंच्या रांगेतून चालायचा एक किलोमीटर वेगळा. त्यात भिवंडीच्या पालिका शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या. पद्मानगरातल्या तेलुगू घराला ‘जवळची’ असलेली शाळा शेजारच्या उर्दू घराला जवळची असेलच असे नाही. म्हणून जागा ठरवण्याआधी कोणत्या माध्यमाची किती मुले कोणत्या गल्लीत राहतात, ही मोजणी हवी.

मुलांचा आकडा हाती आला की इमारतीचा आकार ठरतो. कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. आणि दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. शिवाय मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, कुंपण आणि मैदान. एखाद्या जुन्या इमारतीचा मजला भाड्याने घेऊन हे साधत नाही. आणि जुन्या इमारतींचा भरवसा किती धरायचा? २१ सप्टेंबर २०२० रोजी धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळून पस्तीसहून अधिक माणसे दगावली.

पैशाची वाट अशी. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यावर खल करते आणि महासभा मंजुरी देते. इमारतीचा खर्च भांडवली, एकदाच होणारा. शिक्षकांचे पगार, वीज, दुरुस्ती हा महसुली, दरवर्षीचा. पहिल्याची घोषणा होते, दुसऱ्याचा हिशेब मागायचा राहून जातो. लेखाशीर्ष जिवंत ठेवण्यापुरती टोकन तरतूद दिसली, तर त्या वर्षी वीटही रचली जाणार नाही असे समजावे. मे २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासकीय राजवट आली, तेव्हा अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. घरपट्टीच्या बिलातल्या राज्य शिक्षण उपकराकडे बोट दाखवूनही उपयोग नाही. १९६२ च्या कायद्यानुसार तो पालिका गोळा करते, पण जमा होतो राज्याच्या तिजोरीत.

आता जागा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्यात शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी भूखंड आरक्षित होतात. आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. जमीन घ्यायला वाटा तीन: वाटाघाटीने खरेदी, मोबदल्यात टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा चटईक्षेत्र, नाहीतर सक्तीचे संपादन. २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे सक्तीच्या संपादनात शहरी जमिनीला बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. मेट्रोच्या स्थानकाजवळ तो भाव कुठे जाईल, हे वेगळे सांगायला नको. जितका उशीर, तितकी शाळा महाग.

उशिराची आणखी एक किंमत आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षे उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. मग २४ महिन्यांत संपादनाची ठोस पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठते. ठोस म्हणजे काय, हे श्रीरामपूर नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले: नुसता ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडणे म्हणजे संपादनाची सुरुवात नव्हे. यात मालकावरही अन्याय होऊ नये, हा कायद्याचा हेतू रास्तच आहे. त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवायची आणि घ्यायचीही नाही, हे चालणार नाही.

अंदाजपत्रकातली राहिलेली तरतूद पुढच्या वर्षी मागता येते; उठलेले आरक्षण परत मिळवणे त्याहून कितीतरी कठीण. म्हणून प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांचा जो काळ असतो, तो शाळेच्या दृष्टीने अंदाजपत्रकाच्या सभेहून मोलाचा. पालकांनी नगररचना विभागाकडून भागनकाशाची प्रत घ्यावी आणि चार गोष्टी लेखी विचाराव्यात. आमच्या प्रभागात शाळेसाठी आरक्षित भूखंड कोणते? त्यांपैकी किती पालिकेच्या ताब्यात आहेत? त्यांवर अतिक्रमण आहे का? आणि जे ताब्यात नाहीत, त्यांच्या संपादनाचे काम कुठवर आले? शेवटच्या प्रश्नाला ‘प्रस्ताव पाठवला आहे’ एवढेच उत्तर आले, तर सोबत श्रीरामपूरचा निकाल जोडून पुन्हा विचारावे.