छापील किमतीपासून मोजलेली बचत

सुपरमार्केटच्या शेल्फवरची पिवळी चिठ्ठी नीट वाचली की तिच्यावर तीन आकडे सापडतात. वर बारीक अक्षरांत एमआरपी, तिच्यावर आडवी रेघ. खाली ठसठशीत अक्षरांत दुकानाची किंमत. आणि बाजूला लाल गोलात, ‘₹38 वाचवा’. ट्रॉली थांबते ती या तिसऱ्या आकड्यापाशी. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुण्यातल्या आमच्या उपनगरातल्या दुकानात संध्याकाळी उभं राहिलं की हे पाहता येतं. यादी घेऊन आलेली बाई तूरडाळ, साखर, पोहे भराभर उचलते. साबण, बिस्किटं, सॉस यांच्या रांगेत शिरली की तिची चाल मंदावते. आतापर्यंत ती यादी वाचत होती, आता चिठ्ठ्या वाचू लागते.

वाणसामानाला जाताना मी हल्ली एक छोटी वही बरोबर नेते. वस्तूचं वजन, छापील किंमत, दुकानाची किंमत आणि आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली किंमत, एवढंच त्यात लिहायचं. ‘₹38 वाचवा’ हे कशाच्या तुलनेत, एवढा एकच प्रश्न धरून बसलं की बरंच काही उलगडत जातं.

तुलना एमआरपीशी असते. पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे 1990 साली आली. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ असं पाकिटावर असे आणि त्या आडोशाने दुकानदार वाटेल तेवढे पैसे घेत. ते थांबलं, आणि त्याबद्दल या नियमाचे उपकारच आहेत. पण हा आकडा म्हणजे वरची मर्यादा. काही औषधांसारखे अपवाद सोडले तर ती सरकार ठरवत नाही, माल बनवणारी कंपनीच ठरवते. वितरक, घाऊक व्यापारी, खेड्यातला लहान दुकानदार या सगळ्यांचा नफा त्यात मावला पाहिजे, म्हणून ती मुळातच उंच असते. कंपनीकडून थेट ट्रकभर माल घेणाऱ्या दुकानाला त्या किमतीला विकायची गरजच नसते. मग रेघ मारलेली ती किंमत त्या दुकानात कुणीच कधी दिलेली नसली, तरी बचत मात्र तिच्यापासून मोजली जाते. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा सुकामेवा किंवा फिनाइल असेल तर छापील किंमतही त्याचीच आणि सूटही त्याचीच.

युरोपीय संघात 2022 पासून नियम असा आहे, की किंमत कमी केल्याचं जाहीर करायचं असेल तर आधीच्या निदान 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवून तिच्यापासूनच सूट मोजायची. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने कोल्स आणि वूलवर्थ्स या दोन मोठ्या सुपरमार्केटांना न्यायालयात खेचलं. आरोप असा, की शेकडो वस्तूंच्या किमती थोड्या काळापुरत्या किमान 15 टक्क्यांनी वाढवल्या आणि मग ‘किंमत उतरली’ अशा चिठ्ठ्या लावल्या. उतरलेली किंमत मूळ किमतीइतकी किंवा तिच्याहून जास्तच होती. आपल्याकडे एवढी खटपटही करावी लागत नाही. उंच आकडा पाकिटावर छापूनच येतो.

‘एकावर एक मोफत’चा हिशोब यातूनच सुटतो. समजा, शंभर रुपये छापलेलं एक पाकीट त्या दुकानात एरवी सत्तरला मिळतं. ऑफर लागली की सत्तरची चिठ्ठी निघते आणि शंभर रुपयांत दोन मिळतात. चिठ्ठी सांगते शंभर वाचले. खरं पाहता दोन पाकिटांना एकशेचाळीस पडले असते, म्हणजे वाचले चाळीस; तेही दोन हवीच होती असं धरून. एकच हवं होतं तर खिशातून तीस जास्त गेले. ग्राहक संरक्षण कायद्यात याविषयी स्पष्ट तरतूद आहे: ज्याची किंमत पूर्ण किंवा अंशतः आकारलेल्या पैशांत धरलेली आहे, ते फुकट देत आहोत असा समज करून देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. ही तरतूद ग्राहकांना फारशी माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ‘50 टक्के जास्त’ आणि ‘33 टक्के सूट’ या दोन्हींचा ग्रॅममागचा भाव जवळपास सारखाच पडतो, हेही वहीत मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. पन्नास हा आकडाच मोठा वाटतो.

पण किमतीपेक्षा जास्त फसगत वजनात आहे, आणि वहीची बरीच पानं त्यातच भरली. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, धुण्याची पावडर अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकाव्या लागत. वैधमापन नियमांत 2021 साली बदल झाला आणि ते बंधन गेलं. तेलाच्या पिशव्यांपुढे पाच मिनिटं उभं राहिलं तर परिणाम दिसतो. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम. त्याच उंचीच्या, त्याच रंगाच्या पिशव्यांवर आता कुठे 850, कुठे 800, कुठे 750 ग्रॅम लिहिलेलं असतं. हाताला फरक जाणवत नाही. समजा, 910 ग्रॅमची पिशवी 140 रुपयांना आहे आणि शेजारची 800 ग्रॅमची ‘खास किमतीत’ 128 ला. बारा रुपये वाचले असं वाटतं. किलोचा भाव काढला तर पहिली साधारण 154 ला पडते आणि दुसरी 160 ला.

हे कळावं म्हणूनच त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक विक्री किंमत छापणं बंधनकारक केलं. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्याच्या बारकाव्यांत गिऱ्हाईक हरवतं. किलोपेक्षा कमी वजन असेल तर भाव ग्रॅममागे छापायचा, जास्त असेल तर किलोमागे. म्हणजे 900 ग्रॅमच्या पाकिटावर ‘₹0.21 प्रति ग्रॅम’ आणि दोन किलोच्या पाकिटावर ‘₹198 प्रति किलो’. रांगेत उभं राहून, एका हाताने लेकराला सावरत, 0.21 ला हजाराने कोण गुणणार? आणि गुणलं तरी पुरत नाही. हा भाव दोन दशांश स्थळांपर्यंतच छापतात, त्यामुळे 205 रुपये किलोचा मालही 0.21 आणि 214 रुपये किलोचा मालही 0.21. किलोमागे नऊ रुपयांचा फरक त्या दोन आकड्यांत गडप होतो. सगळ्यात मोठी उणीव पुढेच आहे. हा भाव एमआरपीवर काढलेला असतो. ऑफर लागल्यावर ग्रॅममागे काय पडलं ते पाकिटावर नसतं आणि पिवळ्या चिठ्ठीवरही नसतं. ज्या क्षणी माणूस निर्णय घेतो, नेमका तेव्हाचा आकडा कुठेच नाही.

मोठं पाकीट स्वस्त, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे बरीच स्वस्त पडते, बाटलीवर सूट असली तरी. मोलमजुरी करणाऱ्या बायका पुड्यांची माळ नेतात तेव्हा त्यांच्या हाती पैसे कमी असतात म्हणून, असं आपण धरून चालतो. त्यांचा हिशोब बाटलीवाल्यांपेक्षा चोख आहे.

रांगेच्या टोकाशी, वळणावर जो रॅक असतो त्याला दुकानात मोठा मान. तिथे ढीग रचला की माल आपोआप स्वस्त वाटतो, चिठ्ठी असो-नसो. कॉम्बो पॅकमध्ये एक चालणारी वस्तू आणि एक पडून राहिलेली वस्तू प्लॅस्टिकमध्ये एकत्र बांधलेली असते. तिथे मी आधी आतल्या दुसऱ्या वस्तूची अंतिम तारीख पाहते. एका संध्याकाळी शेल्फवर ऑफरची चिठ्ठी होती आणि बिलात जुनीच किंमत लागली. काउंटरवरच्या मुलाने दाखवलं ते संगणकात होतं; चिठ्ठी आदल्या आठवड्याची, काढायची राहून गेलेली. त्याने मुकाट्याने दुरुस्ती करून दिली. तेव्हापासून चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवते. दुकानाने ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

मग सगळंच खोटं का? मुळीच नाही. राधाकिशन दमाणींनी 2002 साली पवईत पहिलं डीमार्ट उघडलं तेव्हापासून त्यांची रीत ठरलेली आहे: जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात माल स्वस्त मिळवायचा. ही बचत खरी आहे आणि ती रोजच्या किमतीत दिसते, तिला सणाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी रीत किशोर बियाणींच्या बिग बझारची होती. 26 जानेवारी 2006 ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ लावला तेव्हा गर्दी आवरेना. एका दिवसाच्या ऑफरचं वेड आपल्या शहरांत तिथून पसरलं.

खरी ऑफर ओळखण्याची एक खूण मला आमच्या किराणा दुकानदारांनी शिकवली. “ताई, जिथे ‘एका बिलावर इतकेच’ असं लिहिलंय, तिथे घ्या,” ते म्हणाले. साखर, तेल, कधी गव्हाचं पीठ अशा वस्तू मोठी दुकानं गिऱ्हाईक ओढण्यासाठी जवळजवळ खरेदीच्या भावात, कधी त्याहून खाली विकतात. पाच किलोची मर्यादा नसेल तर हे काका स्वतःच टेम्पो घेऊन जातील, कारण घाऊक बाजारातही त्यांना तो भाव मिळत नाही. बिस्किटं आणि साबणांच्या ऑफरवर अशी मर्यादा क्वचित दिसते. तिथे तुम्ही हवं तेवढं नेलंत तर दुकानाला हवंच आहे. त्या रांगेतल्या कितीतरी वस्तू काकांकडे दोन-चार रुपयांच्या फरकाने मिळतात, आणि काहींवर फरकच नाही, कारण कंपनीकडून ‘बारावर एक’ची स्कीम त्यांनाही असते. ते तिची चिठ्ठी लावत नाहीत, इतकंच.

ग्राहकांनी स्वतःच भाव ठरवण्याचा प्रयत्न मराठी माणसाला नवा नाही. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याची यादी देतात, माल एकत्र खरेदी होतो आणि सभासदच तो वाटून घेतात. तिथे भाव आधी कळतो, आणि मोफत काहीच नसतं. हे सगळ्यांना जमणार नाही, हे मान्य. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात रविवारची एक संध्याकाळच हाती असते.

म्हणून मागणी दुकानाकडेच करायला हवी, आणि ती अवघड नाही. युरोपात 1998 च्या निर्देशाने विक्रीच्या किमतीबरोबर किलोचा किंवा लिटरचा भाव दाखवणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या मोठ्या दुकानाच्या संगणकात प्रत्येक पाकिटाचं वजनही असतं आणि त्या दिवसाची किंमतही. पिवळी चिठ्ठी तोच संगणक छापतो. ऑफरच्या किमतीने किलोला काय पडलं, हा चौथा आकडा, लाल गोलाएवढ्याच अक्षरांत, त्याच चिठ्ठीवर छापावा. आमच्या दुकानाच्या तक्रारवहीत मी हे लिहून आले आहे. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजींनी वाचून त्याखाली आपलीही सही केली.